हाड जुळेपर्यंतची मुदत

रस्त्यावर मनुष्य दगावला तर पोलीस ठाण्याच्या दप्तरी त्याची नोंद होते, त्याचा पाय कापावा लागला तर अपंगत्वाच्या दाखल्यावर त्याची नोंद होते. परंतु ज्याचा जीव वाचला आहे, पायही अंगाला आहे, आणि तरीही ज्याच्या नडगीचे हाड वर्ष उलटून गेले तरी जुळलेले नाही, अशा माणसासाठी आपल्या कारभारात सहसा रकाना आखलेला नसतो. शेताचा हंगाम त्याच्यावाचून निघून जातो, कारखान्यातील त्याच्या जागेवर दुसरा उभा राहतो, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकतो, आणि घरातील मंडळी दर महिन्याला नवा एक्स-रे उजेडाकडे धरून त्या काळ्या रेषेकडे पाहत राहतात. अशा माणसाच्या वतीने काही गोष्टी जाहीरपणे मांडल्या पाहिजेत असे मला फार दिवस वाटत आले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, न जुळलेले हाड जुळवण्याची विद्या आपल्या दक्षिण महाराष्ट्रात उपलब्ध आहे, शस्त्रक्रियेचा खर्चही पुष्कळ अंशी सरकारी योजनांतून भागतो. जे मिळत नाही ते म्हणजे वेळ, आणि या व्याधीवरील औषधांत पहिला मान वेळेचाच आहे.

कोल्हापूर जिल्ह्याला हा विषय परका नाही. पुणे-बंगळूर महामार्ग जिल्ह्याच्या पोटातून जातो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींत पाळी सुटली म्हणजे दुचाकींची एकच गर्दी महामार्गावर उतरते. आणि दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटली की, एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर चार-पाच महिने रात्रंदिवस रस्त्यावर असतात. त्या ट्रॉलीच्या पाठीमागे पुष्कळदा दिवा नसतो, परावर्तक पट्टी असलीच तर चिखलाने माखलेली असते, आणि मोळ्यांची टोके ट्रॉलीच्या फाळक्याबाहेर हात-दोन हात लोंबत असतात. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला हे सारे दिसते तेव्हा अंतर उरलेले नसते. समोरासमोरच्या धडकेत मोटारीचा पुढचा पत्रा दुचाकीस्वाराच्या नेमक्या नडगीच्या उंचीवर येतो, आणि दुचाकी अंगावर पडली तरी तिचे सारे ओझे नडगीवरच येते. म्हणूनच अंगातील लांब हाडांपैकी सर्वांत अधिक वेळा मोडणारे, आणि मोडताना कातडी फाडून बाहेर येणारे हाड हेच होय. ज्याला सारा जिल्हा सीपीआर म्हणून ओळखतो त्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात असे पाय केवळ करवीर तालुक्यातून येतात असे नाही. घाटाखालच्या सिंधुदुर्गातून आणि सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडी भागातूनही माणसे येथेच आणली जातात.

हे हाड असे हट्टी का, हे समजण्यासाठी फार शरीरशास्त्र नको. गुडघ्याच्या खाली, पायाच्या आतल्या बाजूने, बोट घोट्यापर्यंत फिरवून पाहावे: बोटाखाली लागते ते केवळ कातडे आणि त्याखाली लगेच हाड. मांडीचे हाड चहूबाजूंनी मांसाने वेढलेले आहे, आणि त्या मांसातून वाहणारे रक्त मोडलेल्या जागेला सर्व बाजूंनी पोसते. नडगीला असे वेष्टन केवळ मागून आणि बाहेरून आहे. तिला आतून पोसणारी मुख्य धमनी हाडाच्या वरच्या तिसऱ्या भागात, पाठीमागून आत शिरते आणि मज्जापोकळीतून खाली उतरते. हाड मधोमध किंवा त्याखाली मोडले म्हणजे ही वाट तुटते, आणि खालचा तुकडा अस्थ्यावरणातून मिळणाऱ्या बाहेरच्या रक्तावर विसंबून राहतो. धडकेने ते आवरणही सोलवटून निघाले असेल, तर त्या तुकड्याचा दोन्हीकडचा पुरवठा एकदमच आटतो. त्यातच शेजारचे बारीक हाड, ज्याला बहिर्जंघास्थी म्हणतात, ते कधी मोडत नाही किंवा लवकर जुळते, आणि नडगीच्या तुकड्यांना जवळ येऊ न देता ताठ उभे राहते. अशा परिस्थितीत हे हाड बहुतेक माणसांत चार-सहा महिन्यांत जुळते, हेच निसर्गाचे मोठे औदार्य मानले पाहिजे.

ज्यांचे जुळत नाही त्यांच्याविषयी वैद्यकात एक सर्वमान्य संकेत आहे: मोडल्याला नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत जुळण्याच्या खुणांत काहीही प्रगती दिसली नाही, म्हणजे हाड आपण होऊन जुळणार नाही असे धरावे. परंतु न जुळण्याच्या या एका नावाखाली तीन निरनिराळ्या अवस्था नांदतात, आणि त्यांचे इलाज एकमेकांपासून इतके भिन्न आहेत की, अवस्था न ओळखता केलेली शस्त्रक्रिया व्यर्थ जाते. पहिल्या अवस्थेत दोन्ही तुकड्यांच्या टोकांशी नवे हाड भरपूर साठते, टोके रुंदावतात, पण मध्ये फट राहते. येथे रक्तपुरवठा आहे, जीव आहे, केवळ स्थैर्य नाही, आणि पक्का आधार दिला की बहुधा हाड धरते. दुसऱ्या अवस्थेत टोके निमुळती, फिकट आणि निर्जीव होतात. येथे आधाराबरोबर जिवंत सामग्रीही लागते, आणि ती बहुतकरून रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढून घालावी लागते. तिसरी अवस्था सर्वांत कठीण: आत पू आहे, मेलेल्या हाडाचा तुकडा अडकून पडला आहे, नडगीवरच्या बारीक छिद्रातून महिनोन्‌महिने जखम वाहते आहे. तेथे प्रथम सारे मृत हाड काढून टाकल्यावाचून दुसरा कोणताही इलाज लागू पडत नाही. आणि ते काढले म्हणजे मध्ये कधी तीन, कधी सहा, कधी दहा सेंटिमीटरची पोकळी उरते.

या तिसऱ्या अवस्थेची मुळे बहुधा पहिल्या दिवसातच रुजलेली असतात. रस्त्यावरची माती, शेणखत, डिझेल आणि चिंध्या झालेल्या कपड्याचे धागे उघड्या हाडाला लागलेले असतात. त्यावर कोणी हळद दाबतो, कोणी चुना, कोणी तंबाखूची चिमूट. हे सारे आपुलकीने होते, पण ते रुग्णाच्या पुढल्या दोन वर्षांवर घाला घालणारे ठरते. वास्तविक त्या वेळी तीनच गोष्टी कराव्यात: जखमेवर स्वच्छ कापड झाकावे, पाय आहे त्या स्थितीत फळीला किंवा दुसऱ्या पायाला सैलसर बांधून हलू देऊ नये, आणि रुग्णाला विनाविलंब अशा ठिकाणी पोहोचवावे की जेथे पहिल्या तासा-दोन तासांत प्रतिजैविकाचे इंजेक्शन मिळेल आणि त्यानंतर शस्त्रक्रियागृहात जखम कसोशीने धुतली जाईल. धुण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नॉर्वे यांच्या बरोबरीने भारतातील रुग्णालयांनीही भाग घेतला होता, असे दिसून आले की, दाबाच्या यंत्राने मारलेल्या पाण्याचा विशेष लाभ नाही, साबणाच्या द्रावणाने तर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रसंग वाढतात, आणि उंचावर टांगलेल्या बाटलीतून सोडलेले साधे सलाईन हे काम उत्तम करते. सलाईनची बाटली, प्रतिजैविकाची कुपी आणि मृत मांस निग्रहाने कापून काढणारा प्रशिक्षित हात, एवढे साहित्य जिल्ह्यातील प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात असू शकते व असलेच पाहिजे.

येथे आपल्याकडच्या परंपरेविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. कोल्हापूर ही तालमींची नगरी. निखळलेला खांदा किंवा मुरगळलेला घोटा बसवणारे वस्ताद आणि गावोगावचे हाडवैद्य यांच्यावर येथील माणसाची श्रद्धा आहे आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या परंपरेचा आधार घेऊन हे उपचार केले जातात ती परंपरा स्वतः किती सावध होती, हेही पाहिले पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय भग्नाच्या उपचाराला वाहिलेला आहे. जो अल्प आहार घेतो, ज्याचा स्वतःवर ताबा नाही किंवा ज्याला अन्य उपद्रव जडले आहेत, त्याचे मोडलेले हाड कष्टाने बरे होते, असे त्याच्या आरंभीच सांगितले आहे. बंध सैल राहिला तर स्थैर्य येत नाही आणि फार आवळला तर सूज, वेदना व पाक होतो, हा इशाराही तेथेच आहे. नडगी व मांडी मोडली असता रुग्णाला फळीवर निजवून पाय हलू नये म्हणून पाच खुंट्या ठोकाव्यात असे विधान आहे, आणि बरे होण्याची मुदतही वयाप्रमाणे, पहिल्या वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट, अशी नेमून दिली आहे. बंध, आहार, संयम आणि मुदत यांना ग्रंथकाराने एकाच पंक्तीला बसवले. आजचा हाडवैद्य त्यातला केवळ बंध घेतो आणि पुष्कळदा तोच आवळतो. बांबूच्या कामट्यांची पट्टी बांधल्यावर पायाची बोटे फिकी किंवा काळीनिळी पडली, बधिर झाली, किंवा बोट जरा ताणताच असह्य कळ उठली, तर ती पट्टी त्या क्षणी सोडून रुग्णालय गाठले पाहिजे. आणि जेथे कातडी फाटली आहे तेथे तालमीचा किंवा हाडवैद्याचा अधिकार चालत नाही, हे वस्तादांनी स्वतःच आपल्याकडे येणाऱ्यांना निक्षून सांगावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आता न जुळलेल्या हाडाच्या उपचाराकडे वळू. या क्षेत्रात ज्या मनुष्याने सर्वांत मोठी क्रांती घडवून आणली तो कोणत्याही विख्यात विद्यापीठात नव्हता. गाव्रील इलिझारोव्ह हा सैबेरियातील कुर्गान या दूरच्या गावी, दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांच्या सान्निध्यात काम करणारा शल्यवैद्य. पायाभोवती पोलादी कडी बसवून, सायकलच्या आऱ्यांसारख्या बारीक तारा हाडातून आरपार नेऊन त्या कड्यांवर ताणून बांधावयाच्या, आणि कडी एकमेकींना आट्यांच्या सळयांनी जोडून तुकडे हळूहळू दाबावयाचे किंवा हळूहळू दूर न्यावयाचे, अशी त्याची युक्ती. तिच्यामागचे तत्त्व मात्र फार खोल आहे: निरोगी भागात हाड हलक्या हाताने छेदून त्याची दोन टोके रोज ठरावीक गतीने दूर नेली, तर मधल्या फटीत शरीर नवे हाड निर्माण करते. ही गती दिवसाला एक मिलिमीटर, आणि तीही एकदम नव्हे, तर चार हप्त्यांनी. याहून घाई केली तर नवे हाड तुटते, याहून दिरंगाई केली तर वेळेआधीच घट्ट होते.

१९६४ सालच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवणारा व्हालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात पाय मोडून पडला, अनेक शस्त्रक्रिया निष्फळ ठरल्यावर इलिझारोव्हकडे गेला, आणि पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू लागला; तेव्हा सोव्हिएत देशात या पद्धतीचा बोलबाला झाला. युरोपला मात्र ती कळण्यास आणखी एका मोडक्या नडगीची गरज पडली. कार्लो माउरी हा इटलीचा गिर्यारोहक. १९५८ साली गाशेरब्रम ४ या शिखरावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या दोघांपैकी एक. पुढे त्याची नडगी मोडली आणि जवळजवळ दोन दशके ती नीट बरी झालीच नाही. दर्यावर्दी थॉर हेयरडाल यांच्या ‘रा’ या पॅपिरसच्या नौकेवर बरोबर असलेल्या रशियन डॉक्टराच्या सांगण्यावरून तो १९८० साली कुर्गानला गेला, आणि तेथून असा बरा होऊन परतला की, इटलीतील शल्यवैद्यांनी पुढच्याच वर्षी खुद्द इलिझारोव्हला व्याख्यानासाठी पाचारण केले. तेथून ही विद्या जगभर पसरली. भारतात तिची मुळे रुजवणाऱ्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे: कोल्हापुरापासून पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या मिरजेत डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी, आणि अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी ती आत्मसात करून पुढील पिढ्यांना शिकवली. डॉ. कुलकर्णी यांनी संपादित केलेला अस्थिरोगशास्त्राचा बृहद्‌ग्रंथ देशभरातील पदव्युत्तर विद्यार्थी अभ्यासतात. ज्या मिरजेने शल्यवैद्य वानलेस यांच्या काळापासून शल्यविद्येची पेठ म्हणून नाव कमावले, तिच्या परंपरेला हे साजेसेच झाले. हाडात आतून घातलेली सळई बदलून जाड सळई घालणे, कमरेचे हाड भरणे, पोकळीत प्रथम सिमेंटचा ठोकळा ठेवून त्याभोवती तयार झालेल्या पडद्याच्या आत नंतर हाड भरण्याची फ्रान्सच्या मास्केले यांची रीत, असे इतर मार्गही आज हाताशी आहेत, आणि प्रत्येकाचे आपापले क्षेत्र आहे. म्हणजे विद्येच्या बाबतीत आपण दरिद्री नाही.

परंतु ही विद्या घरी गेल्यावर कशी दिसते ते जवळून पाहिले पाहिजे. इलिझारोव्हची कडी जोडणाऱ्या सळईच्या सहा मिलिमीटरच्या आट्यांवर बसणारा नट १० नंबरच्या पान्याने फिरतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कोणत्याही कारखान्यातील पोऱ्या डोळे मिटून ओळखील असा तो पाना. त्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर, म्हणून सकाळी सहाला पाव फेरा, बाराला पाव, संध्याकाळी सहाला पाव आणि रात्री झोपण्यापूर्वी पाव. नटाच्या कोणत्या बाजूला रंगाचा ठिपका आहे ते पाहून घरातील कोणी तरी, बहुधा बायको किंवा शाळेत जाणारा मुलगा, हे काम करतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करतो. तारा जेथे कातडीत शिरतात ती प्रत्येक जागा रोज उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाईनने पुसावी लागते. विजार कड्यांवरून चढत नाही म्हणून पायजम्याची एक शिवण उसवून तिला नाड्या लावलेल्या असतात. आणि अशा अवस्थेत त्या माणसाने घरात पडून न राहता पायावर भार देऊन चालावयाचे असते, कारण भाराने हाडाला बळ येते. सहा सेंटिमीटरची पोकळी असेल तर ती भरण्यासाठी छेदलेले हाड नुसते सरकण्यास दोन महिने, आणि ते नवे हाड पक्के होण्यास त्याहून पुष्कळ अधिक. कडी निघेपर्यंत वर्षाचा काळ लोटणे ही नित्याची गोष्ट आहे. या वर्षभरात नट फिरवणारा हात एक महिना जरी चुकला तरी केलेले सारे पाण्यात जाऊ शकते.

आता हे वर्ष आणि आपल्या योजनांची मुदत शेजारी शेजारी मांडून पाहावी. २०२५ साली केंद्र सरकारने रस्ता अपघातातील जखमींसाठी रोखरहित उपचारांची योजना लागू केली. दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च, अपघातापासून सात दिवसांपर्यंत. जीव वाचवण्याच्या दृष्टीने ही योजना उपकारक आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण नडगीच्या दृष्टीने सात दिवसांत केवळ पहिले पान उलटते. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणारी जन आरोग्य योजना शस्त्रक्रियेचा व रुग्णालयाचा खर्च उचलते. परंतु शस्त्रक्रियेनंतर घरी बसलेल्या माणसाच्या चुलीचा, चंदगडहून कोल्हापूरपर्यंतच्या फेऱ्यांचा आणि बुडालेल्या रोजगाराचा विचार तिच्या कक्षेत येत नाही. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिच्यात मृत्यूला दोन लाख रुपये, आणि अपघाताने एक अवयव कायमचा निकामी झाला तर एक लाख रुपये मिळतात. पाय कायमचा गेला असे कागदावर सिद्ध झाले तर सरकार मदत देते. तोच पाय वाचवण्यासाठी जो शेतकरी दीड वर्ष कड्या बाळगून झगडतो, त्याला त्या झगड्याच्या काळात काही मिळत नाही. या विसंगतीचा परिणाम असा होतो की, ज्यांचे पाय वाचू शकले असते त्यांतील काही जण सहाव्या-आठव्या महिन्याला कड्या तशाच ठेवून उसाच्या फडात किंवा गवंड्याच्या हाताखाली कामाला लागतात, तपासणीला येणे बंद करतात, आणि हाड हातचे जाते.

याला उत्तर नाही असे नाही, आणि ते उत्तर आपल्याच कायद्यात पूर्वीपासून आहे. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत दीर्घ मुदतीच्या ३४ रोगांची एक यादी आहे. क्षय, कर्करोग, पक्षाघात यांच्या बरोबरीने त्या यादीत न जुळलेला किंवा उशिरा जुळणारा अस्थिभंग स्पष्ट शब्दांत नमूद केलेला आहे. नियमांची पूर्तता करणाऱ्या विमाधारक कामगाराला अशा रोगासाठी दोन वर्षांपर्यंत, वेतनाच्या ८० टक्के इतका विस्तारित आजारलाभ मिळू शकतो. आणि इजा कामावर असताना झाली असेल तर तात्पुरते अपंगत्व टिकेपर्यंत ९० टक्के दराने निराळा लाभ आहे. म्हणजे शिरोलीच्या ओतशाळेतील नोंदणीकृत कामगाराची नडगी जुळली नाही तर तिला वेळ लागतो हे सरकारला मान्य आहे. परंतु त्याच ओतशाळेसमोरून रात्री उसाची ट्रॉली नेणाऱ्या मजुराची, बीडहून कोयता घेऊन आलेल्या तोडणी कामगाराची, किंवा दोन म्हशी पाळून गोकुळ दूध संघाला दूध घालणाऱ्या शेतकऱ्याची नडगी त्याच कारणाने अडली, तर ती मान्यता तेथे लागू होत नाही. हाडाला मालकाचे नाव ठाऊक नसते. जो न्याय एका कामगाराला दिला जात आहे, तो दुसऱ्या श्रमिकाला नाकारण्याचे नैतिक कारण मला सापडत नाही.

यावर काही जाणकार असे म्हणतील की, इतका काळ आणि इतके क्लेश सोसण्यापेक्षा पाय कापून उत्तम कृत्रिम पाय बसवणेच शहाणपणाचे नाही काय. या आक्षेपाला मी हलके लेखत नाही. अमेरिकेतील आठ अपघात-केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेच दिसले की, भयंकर इजा झालेला पाय वाचवलेले आणि पाय कापलेले रुग्ण दोन वर्षांनंतर कामकाजाच्या दृष्टीने जवळजवळ सारख्याच पातळीवर होते. काही पाय असे असतात की ते वाचवण्याचा हट्ट हा रुग्णावर अन्याय ठरतो, आणि ते स्पष्ट सांगणारा शल्यवैद्य रुग्णाचा मित्रच असतो. परंतु कृत्रिम पायही वेळोवेळी बदलावा लागतो, पाणथळ भातशेतात तो चालवणे सोपे नसते, आणि मुख्य म्हणजे निवड रुग्णाची असली पाहिजे. आज ती निवड पुष्कळदा त्याची रिकामी शिधापेटी करते, आणि या गोष्टीलाच माझा विरोध आहे.

वेळेची ही मागणी दोन्ही बाजूंनी पाळली गेली पाहिजे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नडगीत घातलेल्या सळयांविषयी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या सहा महिन्यांत दुसरी शस्त्रक्रिया शक्यतो करू नये असा दंडक ठेवला होता, आणि एरवी दुसऱ्यांदा चिरली गेली असती अशी कित्येक हाडे त्या काळात आपण होऊन जुळली. म्हणून तिसऱ्या महिन्यात एक्स-रेवर रेष दिसली की लगेच डॉक्टर बदलत फिरणे हितावह नाही. आणि डॉक्टरांनीही पहिल्याच दिवशी, सगळे ठीक होईल एवढ्यावर न थांबता, किती महिने लागतील, कोणत्या महिन्यात काय दिसले पाहिजे आणि काय दिसले तर धोका समजावा, हे रुग्णाच्या हाती कागदावर लिहून द्यावे. रुग्णाचीही एक जबाबदारी आहे. वर उल्लेखलेल्या अमेरिकी अभ्यासातील रुग्णांत धूम्रपान करणाऱ्यांची हाडे जुळण्याचे प्रमाण कमी आणि जंतुसंसर्गाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नडगीचे सारे भवितव्य त्या बारीक वाहिन्यांवरच अवलंबून असते. ज्या निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूवर घरे उभी राहिली, तेथील माणसाला हे सांगणे जड जाते. पण विडी, तंबाखूचा बार आणि मिश्री हाड जुळेपर्यंत तरी निग्रहाने दूर ठेवावीत. मधुमेह ताब्यात ठेवावा, आणि डाळ, दूध, अंडी यांत काटकसर करू नये. अल्पाहारी माणसाचे हाड कष्टाने जुळते हे दोन हजार वर्षांपूर्वीचे निरीक्षण आजही खरे आहे.

मग कोल्हापूरने काय करावे? पहिली गोष्ट, सीपीआर आणि राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी मोडलेल्या नडग्यांची एक नोंदवही ठेवावी, आणि उघड्या जखमेच्या प्रत्येक रुग्णाला सहावा आठवडा, तिसरा, सहावा व नववा महिना या मुदतींना बोलावणे पाठवावे. जो आला नाही त्याच्या गावच्या आशाताईंना कळवावे. आजरा, चंदगड, भुदरगड येथील रुग्णाचा एक्स-रे गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात काढून तो सीपीआरच्या तज्ज्ञाला पाठवण्याची तजवीज झाली, तर एका चित्रासाठी कड्या घातलेल्या माणसाचा एसटीतील दिवसभराचा प्रवास वाचेल. दुसरी गोष्ट, असंघटित श्रमिक आणि अल्पभूधारक शेतकरी यांच्यासाठी, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दाखल्यावर, हाड जुळेपर्यंत निर्वाहभत्ता देण्याची तरतूद राज्य सरकारने करावी. तिसरी गोष्ट साखर कारखान्यांची: मागचा दिवा आणि स्वच्छ परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली गव्हाणीपर्यंत येऊच द्यावयाची नाही, असा हुकूम प्रत्येक कारखान्याच्या वजनकाट्यावर अमलात यावा. वजन करतेवेळी प्रत्येक ट्रॉली तेथे थांबतेच. तेवढ्या वेळात तिची मागची बाजू पाहण्यास दुसरा खर्च नाही.

हे कोल्हापूरला अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ज्या करवीर दरबाराने १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला आणि पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याने इतरांनी आधी करावे म्हणून वाट पाहिली नव्हती. निर्वाहभत्त्याचा निर्णय मुंबईत होईल, पण नोंदवही, बोलावणे, एक्स-रेची देवाणघेवाण आणि वजनकाट्यावरची तपासणी यांपैकी एकाही गोष्टीसाठी मुंबईच्या परवानगीची गरज नाही. येत्या गळीत हंगामाच्या आत जिल्हा नियोजन समितीने या विषयाला निधी मंजूर करावा, साखर आयुक्तालयाने व प्रादेशिक परिवहन कार्यालयाने कारखान्यांच्या काट्यावरील तपासणीची संयुक्त जबाबदारी घ्यावी, आणि एका वर्षानंतर किती हाडे जुळली, किती अडली आणि कितीजणांनी तपासणी मध्येच सोडली, याचा आकडा जाहीर करावा. तो आकडा समोर आला म्हणजे निर्वाहभत्त्याची मागणी टाळणे मुंबईलाही कठीण होईल.